लॉगिनच्या पलीकडची माणसं

छोट्या मराठी संस्थांच्या वेबसाइट करून देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. ग्रंथालयं, शिक्षणसंस्था, एखाददुसरं मासिक, ज्येष्ठ नागरिकांचा संघ. मी मूळची डीटीपीवाली. म्हणजे गिऱ्हाईक तेच राहिलं, फक्त कागद गेला आणि पडदा आला. बैठकीला कार्यवाह असतात, कोषाध्यक्ष असतात आणि ‘आमचा नातू कॉम्प्युटरमध्येच आहे’ असं सुरुवातीलाच सांगून ठेवणारे एक विश्वस्त असतात. त्यांच्यापुढे मी एक ठरलेलं वाक्य म्हणते: वेबसाइटला दोन बाजू असतात. फ्रंटएंड वाचकाला दिसतो, आणि बॅकएंडला लॉगिन करून तुम्ही मजकूर भरायचा. वाक्य सोपं आहे आणि समोरचे माना डोलावतात. माझा स्वतःचा त्यावरचा विश्वास मात्र हळूहळू उडत गेला.

१. बैठक नेहमी फ्रंटएंडवर होते. रंग भगवा की मरून, संस्थापकांचा फोटो डावीकडे की उजवीकडे, सरकत्या चित्रांच्या पट्टीत अध्यक्ष किती वेळ थांबणार. तासन् तास. बॅकएंडला रोज कोण बसणार, हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण ती व्यक्ती बैठकीला नसते. ती बाहेर चहा आणायला किंवा झेरॉक्स काढायला गेलेली असते. पुढे वर्षानुवर्षं वेबसाइट तीच चालवते. आता मी पहिल्याच भेटीत विचारते, ‘टायपिंग कोण करतं?’ बोट ज्याच्याकडे जातं, त्याच्या शेजारची खुर्ची मी पकडते. यात माझं औदार्य काही नाही. साइट कोमेजली तर माझं नाव खराब होतं, आणि ती जिवंत ठेवणं त्या एकाच माणसाच्या हातात असतं.

२. ‘बॅकएंड’ म्हणताना सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत नसतात. प्रोग्रामरच्या लेखी ब्राउझरमध्ये चालतं ते फ्रंटएंड आणि सर्व्हरवर चालतं ते बॅकएंड. वर्डप्रेस किंवा जूमला यांसारखी वेबसाइट चालवायची तयार प्रणाली वापरणाऱ्याच्या लेखी मात्र लॉगिननंतरचे पडदे म्हणजे बॅकएंड. पण ते पडदेही ब्राउझरमध्येच उघडतात. त्यांनाही बटणं आहेत, रंग आहेत, वाकडेतिकडे कोपरे आहेत. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाचं बॅकएंड हे प्रोग्रामरच्या भाषेत आणखी एक फ्रंटएंडच झालं. फक्त त्याचा प्रेक्षक एकटा, आणि कंटाळा आला म्हणून त्याला उठून जाता येत नाही.

३. मागची बाजू समजावताना सगळे हॉटेलच्या भटारखान्याचा दाखला देतात, मीही देत असे. बाहेर गिऱ्हाईक, आत आचारी, मध्ये दार. वर्डप्रेसने तो दाखला मोडून टाकला. एका मासिकाला पाडव्याचा लेख पहाटे पाच वाजता आपोआप झळकायला हवा होता. वेळ लावली, पण पाच वाजता काही घडलं नाही. मी उठून साइट उघडली, तर थोड्याच वेळात लेख हजर! वाटलं, जरा उशीर झाला असेल. पण पुढच्या वेळीही तेच: मी पाहायला गेले की लेख प्रकट. देवाच्या कृपेवर विश्वास बसायचाच काय तो राहिला होता. मग कळलं की वर्डप्रेसकडे स्वतःचं सतत चालणारं घड्याळ नाही. कुणीतरी वाचक पान मागतो, त्या निमित्ताने ते आत डोकावून बघतं की कुठलं काम वेळेचं झालंय का. पहाटे वाचकच नसेल तर पाच वाजतच नाहीत. त्यात पानं साठवून ठेवणारं कॅशिंग लावलेलं असेल, तर वाचक आला तरी त्याला साठवलेलं पान परस्पर मिळतं आणि आत वर्दीच जात नाही. उपाय साधा आहे: सर्व्हरच्या खऱ्या घड्याळाला, म्हणजे क्रॉनला, ते काम सोपवायचं. पण गिऱ्हाईक आल्यावर ज्याची चूल पेटते, असा भटारखाना मी त्याआधी ऐकला नव्हता.

४. बॅकएंडचं खरं मॅन्युअल शंभर पानी वहीत असतं, आणि ते आपण लिहिलेलं नसतं. एका ग्रंथालयातल्या काकूंची वही मी पाहिली. निवृत्तीला आलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वहीत लाल शाईने: ‘डावीकडे पोस्ट. पेज नाही!! आधी मथळा. फोटो मोठा असेल तर राजूला देणे. पब्लिश दोनदा विचारते, घाबरू नये.’ मी दिलेली छापील माहितीपुस्तिका त्या वहीखाली टेकू म्हणून होती. ‘पब्लिश दोनदा विचारते’ हे माझ्या पुस्तिकेत नव्हतं, कारण मला ते कधी जाणवलंच नव्हतं. डॅशबोर्डकडे बोट दाखवून काकूंनी विचारलं, ‘ताई, हे एवढं सगळं माझ्यासाठी आहे का?’ नव्हतं. त्यातलं बरंचसं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे सुटे भाग, विकणाऱ्यांनी स्वतःच्या जाहिरातीसाठी टांगलेलं होतं. त्या दुपारी मी त्यांच्या खात्यातून एकेक मेनू लपवत गेले. पडदा जसजसा रिकामा होत गेला, तशा त्या खुर्चीत मागे टेकून बसत गेल्या.

त्यांची सगळ्यात मोठी भीती होती ती काही पुसलं जाईल याची. वर्डप्रेसमध्ये काढलेली पोस्ट एरवी तीस दिवस ट्रॅशमध्ये पडून असते, आणि लिहिताना जुन्या आवृत्त्या साठत जातात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. वहीत नोंद झाली: ‘३० दिवस.’ खाली दोन रेघा.

५. अधिकार हा मानाचा विषय आहे, सुरक्षेचा नव्हे. निदान आपल्याकडे. वर्डप्रेसमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्यूटर, सबस्क्रायबर अशी उतरंड आहे. कॉन्ट्रिब्यूटरला लिहिता येतं, प्रसिद्ध करता येत नाही आणि चित्रही चढवता येत नाही. माझ्या मते संस्थेत ॲडमिनिस्ट्रेटर एकच असावा, फार तर दोन. प्रत्यक्षात अध्यक्षांना तोच हवा असतो, म्हणून उपाध्यक्षांनाही. लॉगिन मात्र दोघेही कधी करत नाहीत. पासवर्ड काकूंच्या वहीत असतो, शेवटच्या पानावर.

६. पुढे सारखं दिसतं ते मागे सारखं असेलच असं नाही, आणि हे मराठीइतकं दुसऱ्या कुणी मला शिकवलं नाही. डीटीपीच्या दिवसांत आम्ही श्रीलिपीसारख्या फॉन्टांत पानंच्या पानं लावली. ती मराठी फक्त दिसायला मराठी होती. फाइलमध्ये साठलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांच्यावर मराठी आकारांचा मुखवटा. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळून पडायचा आणि मासिकाचं संपादकीय शिवीगाळ केल्यासारखं दिसायचं. युनिकोड आल्यावर वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. एका संस्थेची वकिलांची यादी होती. ‘ॲड.’ असं शोधलं की अर्धे वकील यायचे, अर्धे गायब. पडद्यावर सगळे ‘ॲड.’ डोळ्यांना एकसारखे. आत मात्र काही जणांचा ‘ॲ’ हे एक सबंध अक्षर होतं, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि बाकीच्यांचा ‘अॅ’ म्हणजे ‘अ’वर चढवलेला अर्धचंद्र. माणूस दोन्ही ‘ॲ’च वाचतो, डेटाबेस त्यांना दोन वेगळी कुळं मानतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतल्या अर्ध्या ‘र’चंही तेच. कुणी इन्स्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून तो ‘ऱ’पासून घडवतो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढे एक अदृश्य जोडखूण घालतो. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’. पाहा बरं डोळे बारीक करून! वर्डप्रेसचा साधा शोध मथळ्यात आणि मजकुरात अक्षरामागून अक्षर जुळवत जातो. त्याला डोळे नाहीत, त्यामुळे तो फसतही नाही आणि समजूनही घेत नाही. आता मजकूर साठवायच्या वेळीच सगळ्या रूपांचं एक रूप करणारा छोटा कोड मी प्रत्येक साइटला लावते. बिलात ती ओळ वाचून एका कार्यवाहांनी विचारलं होतं, ‘शुद्धलेखन तपासणीचे वेगळे पैसे?’ मी हो म्हणून टाकलं.

बाय द वे, उलटही घडतं. मागे एकच अक्षर असतं, पुढे दोन रूपं. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. पण पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगितलं, तरच आपलं वळण उमटतं. साइटवरचा ‘ल’ हिंदी वाटतो म्हणून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं, तेव्हा समितीला ते हसण्यावारी न्यायचं होतं. गुरुजींचं बरोबर होतं. एक शब्द बदलून काम झालं.

७. लांब मथळे लिहायची मराठी हौस आणि डेटाबेसचा रकाना यांचं जमत नाही. वर्डप्रेस मथळ्यावरून पानाचा पत्ता बनवतं आणि त्यासाठी २०० खुणांची जागा ठेवतं. रोमन अक्षराला एक खूण पुरते. देवनागरी अक्षर युनिकोडच्या चलनात तीन बाइटांचं, आणि पत्त्यात घालताना प्रत्येक बाइटच्या तीन खुणा होतात. म्हणजे अक्षरी नऊ. काना, वेलांटी, हलन्त यांचेही स्वतंत्र नऊ-नऊ. हिशेब करा: बावीस अक्षरांत खेळ खलास. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण ग्रंथालयांचा इतिहास’ या मथळ्याचा पत्ता ‘महाराष्ट्रातील-ग्रामीण-ग’ इथे थांबतो. त्या एकट्या ‘ग’कडे पाहून मला दर वेळी वाईट वाटतं. व्हॉट्सॲपवर पाठवावा तर तोच पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची आगगाडी होऊन जातो. त्यामुळे पत्ते मी हाताने, रोमन लिपीत, आखूड लिहायला सांगते. मराठी अभिमान बाळगणाऱ्या संस्थेत हे सांगणं सोपं नाही. मलाही ते मनापासून पटतं असं नाही.

८. ‘तुमच्याकडे दिसतंय का?’ या प्रश्नावर माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. मागे बदल केला, पुढे जुनंच दिसतं. कारण साठवलेली प्रत ब्राउझरमध्ये असते, प्लगइनमध्ये असते, सीडीएनमध्ये, म्हणजे वाटेतल्या साठवणीच्या सर्व्हरवर असते. फोनवर मी ‘कंट्रोल आणि एफ फाइव्ह दाबा’ म्हणते. पलीकडून थोडी खुडबुड, मग ‘आलं!’ किंवा ‘आता दिवेच गेले.’

९. एका मोठ्या चौकोनात सगळं कोंबता येतं म्हणून कोंबू नये. याचं मोल फार उशिरा कळतं. एका व्याख्यानमालेची साइट होती. जुन्या पद्धतीने प्रत्येक कार्यक्रम म्हणजे एक परिच्छेद: वक्ते, विषय, सभागृह, वार, वेळ, ‘सर्वांनी सहकुटुंब यावे’. पुढे त्यांना दर्शनी पानावर फक्त आगामी कार्यक्रम हवे झाले. माणसाला परिच्छेद वाचून तारीख कळते. यंत्राला ‘येत्या रविवारी सायंकाळी ठीक साडेसहा वाजता’ यातून काय कळणार? तारीख वेगळ्या रकान्यात, वक्त्यांचं नाव वेगळ्या, स्थळ वेगळ्या, असं आधीपासून भरलं असतं तर क्षणात झालं असतं. आता जुने सगळे परिच्छेद कुणीतरी बसून फोडायचे. ते काम एका कॉलेजच्या मुलीने सुट्टीत केलं. जाता जाता तिने मला सांगितलं की मालेत एकच विषय तीन वक्त्यांनी मांडून झालाय आणि मंगळवारी कार्यक्रम कधीच होत नाहीत. इतकी वर्षं ही माहिती साइटवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

रकान्यांना विरोध मात्र कडवा होतो. ‘आम्हाला लिहू द्या हो, फॉर्म काय भरायला लावता?’ हा आक्षेप मी फेटाळत नाही. लेखाला एक चौकोनच बरा. तिथे रकाने घातले तर लेखक पळून जाईल. कार्यक्रम, पुस्तकं, माणसं, निधी यांना रकाने हवेत. कशाला काय, हे ठरवण्यात निम्मं काम असतं, आणि या निम्म्याचे पैसे मागायला मला अजून नीट जमत नाही. कारण दाखवायला काही नसतं. पानं सजवणारी भारी पेज-बिल्डर प्लगइनं इथे भुरळ घालतात: मजकूर आणि सजावट एकाच गोळ्यात कालवून देतात आणि झटपट देखणी पानं हातात ठेवतात. काही वर्षांनी ते प्लगइन बंद केलं की बऱ्याचदा पानावर चौकटी कंसांचा ढिगारा उरतो, आणि मजकूर त्यातून वेचून काढावा लागतो.

१०. मागची बाजू पुढच्यासारखी दिसू लागली की सगळे खूश होतील, हा समज ६ डिसेंबर २०१८ ला मोडला. त्या दिवशी वर्डप्रेस ५.० आलं आणि सोबत गुटेनबर्ग नावाचा नवा एडिटर. प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र एकेक ब्लॉक. पान पुढे जसं दिसणार साधारण तसंच मागेही. मला ते फार आवडलं. काकूंना अजिबात नाही. ‘पूर्वी कागद होता, आता ठोकळे आलेत,’ म्हणाल्या. जुना चौकोन परत देणारं क्लासिक एडिटर प्लगइन मी त्यांना लावून दिलं आणि त्यांनी मला खोबऱ्याच्या वड्या दिल्या. मग मला उमगलं की पान कसं दिसेल याची काळजी लिहितानाच करावी लागणं, हे सगळ्यांना सुख वाटत नाही. काहींना ते दुसऱ्याचं काम आपल्या गळ्यात घातल्यासारखं वाटतं.

याच्या नेमकी उलट हवा तरुण मंडळींत आहे: हेडलेस. मागे फक्त मजकुराचं कोठार, पुढचं दर्शन सर्वस्वी वेगळं, मध्ये देवाणघेवाणीला एपीआय. वर्डप्रेसच्या गाभ्यातही डिसेंबर २०१६ पासून मजकूर असा बाहेर देण्याची सोय आहे. साइट वेगवान होते, तोच मजकूर मोबाइल ॲपलाही पुरवता येतो. पण ‘प्रिव्ह्यू’ हे बटण त्यात पहिलं जखमी होतं, कारण पुढे काय दिसणार हे मागच्या बाजूला आता ठाऊकच नसतं. चार माणसांच्या संस्थेला मी हे सुचवत नाही. नातू सुचवतो.

११. या सगळ्या दारं-कड्यांची गरजच नाही असं मानणारेही लोक आहेत, आणि ते वेडे नाहीत. वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ ला पहिला विकी खुला केला, तो कुणीही यावं आणि पान बदलावं अशा बेताने. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. बी-टू नावाचा एक प्रकल्प रखडला होता, तो मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी पुढे नेला. एकाच महिन्यात दोन स्वभाव. विकीत वाचायची कळ आणि संपादनाची कळ शेजारी-शेजारी, आणि इतिहासही उघडा: कुणी काय खोडलं ते कुणालाही बघता येतं. मी एका विश्वस्तांना हे दाखवलं. त्यांनी बराच वेळ इतिहासाचं पान खालीवर केलं आणि विचारलं, ‘हे आपल्या इतिवृत्ताला लावता येईल का?’ मग स्वतःच म्हणाले, ‘नको.’

१२. म्हातारपण मागच्या बाजूने येतं. वर्डप्रेससारख्याच ड्रुपल या प्रणालीची सातवी आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली, आणि तिचा आधार वारंवार मुदती वाढवून अखेर ५ जानेवारी २०२५ ला थांबला. म्हणजे नव्या फटी सापडल्या तरी मूळ मंडळी आता त्या बुजवणार नाहीत. पुढच्या आवृत्तीत उडी मारावी तर ते नुसतं अपडेट नाही. ड्रुपल ८ पासून आतली रचनाच नव्याने लिहिली गेली, त्यामुळे अख्खा मजकूर उचलून नव्या घरी मांडावा लागतो. माझ्याकडे अशी एक संस्था आहे. साइट बाहेरून ठणठणीत दिसते. बैठकीत विश्वस्त म्हणाले, ‘बाई, चालतीय तर नीट. मग हा खर्च कशाचा?’ सुरक्षेबद्दल बोलले, त्यांनी ऐकून घेतलं. मायग्रेशनबद्दल बोलले, त्यांनी चहा मागवला. पुढच्या बैठकीच्या अंदाजपत्रकात मी तीच रक्कम ‘डागडुजी’ या नावाखाली लिहिली. चर्चेविना मंजूर झाली. कोषाध्यक्षांनी एवढंच विचारलं, जीएसटी धरून का?